नदीकाठची खोली आणि काउंटरवरचा प्रश्न

प्रवास म्हटला की मराठी माणसाला प्रथम आठवते तिकिटाचे आरक्षण, आणि त्यापाठोपाठ मुक्कामाची सोय. धर्मशाळेपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करतो. परंतु काही प्रवाशांना ऐपत असूनही आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, याची जाणीव मला कोलकात्यास बदली होऊन आल्यावर झाली.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून मामांचा फोन आला. "तुझ्या कोलकात्यात चार दिवस यायचे आहे. गंगेकाठी एखादे उत्तम हॉटेल पाहून ठेव. खर्चाची काळजी करू नकोस." क्षणभर थांबून ते म्हणाले, "आम्ही दोघे येऊ." दोघे म्हणजे मामा आणि त्यांचे पंचवीस वर्षांचे सहचर. आम्ही भावंडे त्यांना लहानपणापासून काका म्हणत आलो. हे दोघे एकमेकांचे कोण, हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही त्याचा उच्चार करीत नव्हते. त्या दिवशी मामांनीच तो केला. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात, आरक्षण हाती असूनही, काउंटरवर "तुमचे नाते काय?" असा प्रश्न आला होता. मामांनी "चुलतभाऊ" असे उत्तर दिले होते. "साठीला आल्यावर पुन्हा खोटे बोलायचे नाही. एवढीच अट," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दोघांच्या संमतीने हा अनुभव येथे लिहीत आहे.

काठ कोणता निवडावा?

हुगळीला कोलकातावासी गंगाच म्हणतात. शहराच्या बाजूचा काठ घाट, जेट्टी, जुनी गोदामे आणि काठाकाठाने धावणारी चक्र रेल्वे यांनी व्यापलेला असल्याने ऐन नदीवर उंची हॉटेले थोडीच आहेत. स्ट्रँड रोडलगत पाण्यावरच तरंगणारे फ्लोटेल आहे. निवांतपणा हवा असल्यास दक्षिणेस रायचक येथे ताज समूहाचे गंगा कुटीर आहे. उत्तरेस श्रीरामपूर येथे १७८६ साली सुरू झालेली डेन्मार्क टॅव्हर्न ही डॅनिश वसाहतकाळातील वास्तू जीर्णोद्धारानंतर २०१८ मध्ये पुन्हा खुली झाली. तेथे मोजक्याच खोल्या आहेत. कोलकाता व रायचक पूर्व तीरावर असल्याने तेथून नदीवरचा सूर्यास्त दिसतो, तर पश्चिम तीरावरील श्रीरामपुरातून सूर्योदय. आरक्षण करताना "नदीकडे तोंड असलेली खोली" असे स्पष्ट नमूद करावे. रु. ७,५०० हून अधिक दैनिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही अंदाजपत्रकात धरावे.

कायदा काय सांगतो?

या विषयात कोलकात्याचे स्थान मोठे आहे. दि. २ जुलै १९९९ रोजी अवघ्या पंधरा जणांनी येथे काढलेली मैत्रीयात्रा ही भारतातील पहिली अभिमान पदयात्रा मानली जाते. पुढे दि. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. विशेष म्हणजे याचिकाकर्त्यांत हॉटेल व्यवसायातील मंडळी होती. नीमराणा हॉटेलांचे अमन नाथ आणि ललित समूहाचे केशव सुरी ही त्यांपैकी दोन नावे. याच ललित समूहाने कोलकात्याच्या सुप्रसिद्ध ग्रेट ईस्टर्न हॉटेलाचे नूतनीकरण करून २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू केले. ते ऐन काठावर नसले तरी तेथून नदी फार दूर नाही.

समलिंगी विवाहास मात्र दि. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्यता मिळाली नाही. तथापि हॉटेलात राहण्यासाठी विवाहाचा दाखला लागतोच कोठे? अविवाहित स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात नोंदविले आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी मात्र देशागणिक चौकशी करावी. तैवानने २०१९ पासून आणि थायलंडने जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहास मान्यता दिली आहे. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या काठी १८७६ पासूनची परंपरा सांगणारे ओरिएंटल हॉटेल आहे. याउलट मलेशिया, बांगलादेश यांसारख्या देशांत ब्रिटिशकालीन कलमे अद्याप कायम आहेत. तेथे हॉटेल कितीही उंची असले, तरी कायद्यापुढे त्याचा इलाज नाही.

फोनवर विचारावयाचे तीन प्रश्न

मी चार हॉटेलांना फोन केले व प्रत्येकास तेच तीन प्रश्न विचारले. दोन पुरुषांच्या नावे एकच खोली द्याल काय? दोन सुटे पलंग न देता एक मोठा पलंग द्याल काय? ओळखपत्राव्यतिरिक्त आणखी काही विचारणा होईल काय? एका ठिकाणी "वरिष्ठांना विचारून कळवतो" असे उत्तर मिळाले, आणि पुन्हा फोन आला नाही. दुसरीकडे "दोन पलंगच सोयीचे पडतील" असा आग्रह झाला. उरलेल्या दोघांनी सहजपणे होकार दिला. त्यांपैकी एकाकडून मी तो होकार ई-मेलवर लेखी घेतला. कर्जाच्या कागदपत्रांची सवय येथेही उपयोगी पडली.

ठरल्या दिवशी मीच दोघांना घेऊन हॉटेलात गेले. काउंटरवरील तरुणाने दोन्ही ओळखपत्रे पाहिली, नोंद केली आणि एकच प्रश्न विचारला, "चहा घेणार की कॉफी?" काकांनी मामांकडे पाहिले. मामांना क्षणभर उत्तर सुचेना.

संध्याकाळी फेरीबोटीतून हावडा पुलाकडे जाताना मी त्यांना मराठा खंदकाची गोष्ट सांगितली. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ च्या सुमारास या शहराभोवती तो खणावयास घेतला होता. मामा हसून म्हणाले, "तेव्हा आपल्याला अडवायला खंदक खणला. या वेळी कोणी काउंटरवरही अडवले नाही."

निघताना काकांनी मला हळूच विचारले, "बँकेत आमचे संयुक्त खाते होईल का ग?" मला समाधानाने "हो" म्हणता आले. समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खाते उघडण्यास वा एकमेकांस नामनिर्देशित करण्यास कोणताही निर्बंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने दि. २१ ऑगस्ट २०२४ रोजी बँकांना कळविले. त्यानंतर दि. २८ ऑगस्ट रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागानेही तेच स्पष्ट केले.

परिपत्रक फायलीत असते, ग्राहक मात्र काउंटरवर येतो. हॉटेलातील त्या तरुणाने दाखविलेला सहजपणा काउंटरच्या आत बसणाऱ्या आपणा सर्वांनाही साधावा. मामा-काका आता पुण्यात आपल्यापैकीच एखाद्या शाखेत खाते उघडावयास जातील. त्यांना तेथे ओळखपत्र जरूर मागावे, आणि बसावयास खुर्ची द्यावी.