एका पक्ष्याचे अनेक मुक्काम

स्थलांतर या शब्दाचा अर्थ सुरतेतील मराठी माणसाला शब्दकोशात शोधावा लागत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेमार्गाने कोणाचे आजोबा येथे आले, कोणाचे वडील आले, तर आपल्यापैकी काहींनी स्वतःच पदवीचे भेंडोळे काखेत घेऊन या शहरात दवाखाना थाटला. लिंबायत आणि उधना भागांतून माझ्याकडे येणाऱ्या मातांच्या हातात पुष्कळदा खानदेशातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे लसीकरणाचे कार्ड असते. पहिल्या दोन-तीन नोंदी तेथील, पुढच्या येथील. कार्ड जवळ असले की बाळाची आरोग्यकथा अखंड राहते. ते गावी राहून गेले की आम्हा डॉक्टरांना अंदाजाने पुढे जावे लागते. मूल तेच, आईही तीच. केवळ दोन ठिकाणांमधला दुवा निखळलेला असतो.

दर हिवाळ्यात आपल्या परिसरात उतरणाऱ्या परदेशी पक्ष्यांचा विचार करू लागलो की मला हेच कार्ड आठवते. या पक्ष्यांच्या प्रवासाची कथाही अशीच ठिकठिकाणी तुटून पडली आहे, आणि ती जोडण्याचे काम ज्यांनी करावे त्या पाणथळ जागांवरील माहिती केंद्रांचा आपापसांत फारसा संवाद दिसत नाही. या लेखाचा विषय तो संवाद हा आहे. डॉक्टरांच्या स्मरणिकेत पक्ष्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासच देतो.

वैद्यकाचे आणि पक्ष्यांचे जुने नाते

1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांनाही रक्तस्रावी ताप येऊ लागला. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे रशियातील काही विषाणूंशी जवळचे साम्य आढळले. मग उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडी हा रोग घेऊन आल्या काय, अशी शंका उपस्थित झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालिम अली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने 1959 मध्ये पक्षी-स्थलांतराचा जो मोठा अभ्यास आरंभला, त्याच्या मुळाशी ही वैद्यकीय शंका होती. पक्ष्यांना जाळ्यात अलगद धरून त्यांच्या पायात क्रमांक कोरलेले वाळे घालावयाचे आणि सोडून द्यावयाचे, ही पद्धत सोसायटीने 1927 पासून अवलंबिली होतीच. आता हजारो पक्षी वाळे घालून उडाले. रोग पक्ष्यांनी आणल्याचे सिद्ध झाले नाही. तो येथल्याच जंगलातील माकडे, लहान प्राणी आणि गोचिडी यांच्या चक्रात नांदतो असे आज मानले जाते. 2016 पासून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही त्याने शिरकाव केला आहे. मात्र त्या शंकेच्या निमित्ताने भारतीय पक्ष्यांच्या वाटांचा पद्धतशीर शोध सुरू झाला, हे ऋण उभयपक्षी आहे.

पायातले ते वाळे म्हणजे पक्ष्याचे कार्डच होय. ते एका गावी घातले जाते आणि दुसऱ्या गावी वाचले जाते. वाचणारा कोणी नसेल तर घालणाऱ्याचे श्रम वाया जातात.

वाट एक, मुक्काम अनेक

सायबेरिया, मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातून भारतीय उपखंडाकडे येणाऱ्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देशांवरून जाणाऱ्या या मार्गाचा फार मोठा आधार भारत आहे. याच वाटेने येणारा पट्टकादंब सात हजार मीटरहून अधिक उंची गाठून हिमालय ओलांडतो, आणि मग गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या उथळ पाण्यात किंवा वडोदऱ्याजवळच्या वाढवाणा तलावात निवांत चरताना दिसतो. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, कांड्या करकोचा आणि भोरड्या हे सगळे आपले हिवाळी पाहुणे. या नावांचा मराठी वाचकाला परिचय राहावा म्हणून मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. जून 2025 मध्ये ते आपल्यातून गेले. त्यांनी जतन केलेली नावे मुलांच्या तोंडी राहणे हीच त्यांची स्मृती होय.

सुरतकरांना जवळचा वाटावा असा प्रवास रोहित पक्ष्यांचा आहे. 2022 साली सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीच्या परिसरात सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बसविली. त्यांपैकी एका छोट्या रोहिताला ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिले होते. हा हुमायून पुढे मुंबईचा परिसर सोडून थेट भावनगरच्या किनाऱ्यावर पोहोचला. रोहितांची मोठी विणीची वसाहत कच्छच्या रणात आहे; उन्हाळ्याअखेरीपर्यंत ठाण्याच्या खाडीत गुलाबी गालिचा अंथरणारे थवे आणि कच्छमधील थवे यांची सांगड अशा नोंदींमुळे हळूहळू लागते आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामधील ही ये-जा आपल्यासारखीच आहे, फक्त तिला रेल्वेचे तिकीट लागत नाही.

प्रत्येकाजवळ एकेक पान

या वाटेवर आज कितीतरी दर्शनीय स्थळे आहेत. गुजरातेत नळसरोवराला 2012 साली, थोळ आणि वाढवाणा यांना 2021 साली आणि जामनगरजवळच्या खिजडियाला 2022 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात हा मान प्रथम नांदूर मध्यमेश्वरला मिळाला व जानेवारी 2020 मध्ये तो जाहीर झाला. त्याच वर्षी लोणार आणि 2022 मध्ये ठाणे खाडी या यादीत आली. ठाणे खाडीच्या काठी ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून बोटीने रोहित पाहता येतात. आपल्या सुरतेत डुमस रस्त्यानजीकचा गवियर तलाव निसर्गप्रेमी संस्थेच्या चिकाटीमुळे पक्ष्यांचे आश्रयस्थान बनला आहे.

ही स्थळे पाहताना एक गोष्ट मनात सलते. नळसरोवरी गेलेले मूल नळसरोवराचे पक्षी पाहते, ऐरोलीला गेलेले मूल ऐरोलीचे. फलकावर चित्र असते, नाव असते, लांबी-रुंदी असते. पण ‘हा पक्षी काल कोठे होता आणि उद्या कोठे असेल’ हा मुलाच्या मनातला अगदी पहिला प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. प्रत्येक केंद्राजवळ पुस्तकाचे एकेक पान आहे. पुस्तक कोणाजवळच नाही. त्यात नावांचाही गोंधळ. आपण ज्याला रोहित म्हणतो तो गुजरातचा राज्यपक्षी गुजरातीत ‘सुरखाब’ होतो. आणि हिंदीत सुरखाब म्हणजे चक्रवाक. सुरतेतल्या मराठी घरातील मूल शाळेत एक, घरी दुसरे आणि दूरदर्शन संचावर तिसरेच नाव ऐकते.

1994 साली प्लेगच्या भीतीने हे शहर कसे रिते झाले होते, हे आपल्यातील ज्येष्ठांना सांगावयास नको. त्यानंतर महानगरपालिकेने शहरातील दवाखान्यांतून आणि इस्पितळांतून तापाच्या रुग्णांची माहिती नियमाने गोळा करण्याची व्यवस्था उभारली. एका दवाखान्यातील दोन रुग्णांवरून काहीच उमगत नाही. सर्व दवाखान्यांचे आकडे एका नकाशावर आले की साथ कोठून कोठे चालली आहे ते दिसू लागते. पाणथळ केंद्रांनी परस्परांशी जोडून घ्यावयाचे ते याच न्यायाने.

इतरत्र काय घडले

इंग्लंडमध्ये सर पीटर स्कॉट यांनी 1946 मध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी केंद्र स्थापन केले. त्याच संस्थेच्या पुढाकाराने ‘वेटलँड लिंक इंटरनॅशनल’ हे जगभरातील पाणथळ शिक्षण केंद्रांचे जाळे विणले गेले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन आणि जपानमधील नाराशिनो या शहरांनी 1998 मध्ये आपापल्या पाणथळींचे भगिनी-नाते जोडले, कारण दोन्हीकडे उतरणारे किनारी पक्षी तेच आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मुलाने आपल्या चिखलात पाहिलेला पक्षी काही आठवड्यांनी जपानी मुलाच्या चिखलात उतरतो, हे एकदा कळले की भूगोल पाठ करावा लागत नाही.

परदेशाकडेच पाहावयाचे कारण नाही. नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ 2012 च्या शरद ऋतूत आमूर ससाण्यांची अतोनात शिकार झाल्याचे उघडकीस आले. दुसऱ्याच वर्षी ती थांबली. ग्रामसभा, चर्च, वन विभाग आणि निसर्गसंस्था एकत्र आल्या. मुलांसाठी निसर्ग मंडळे काढली गेली. हे पक्षी येथून निघून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात हे त्या मुलांना सांगितले गेले. उपग्रह-यंत्र बसविलेल्या एका ससाण्याला पांग्ती या त्यांच्या गावाचेच नाव मिळाले. ज्याला आपले नाव दिले त्याला कोण मारील?

शासनाच्या पातळीवरही वाट मोकळी झाली आहे. स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद फेब्रुवारी 2020 मध्ये आपल्या गांधीनगरात भरली, आणि 2024 साली समरकंदच्या परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी भारताच्या पुढाकाराने संयुक्त उपक्रम मान्य झाला. देश एकत्र येत असतील, तर गवियर, ऐरोली आणि चापडगाव यांनी एकत्र येण्यास अडचण कोणती?

आपल्या दारातील तीन प्रश्न

पहिला प्रश्न रोगाचा. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत झाला. लगतच्या उच्छल भागालाही त्याची झळ लागली. त्या वेळी माणसांत लागण आढळली नाही, पण लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. 2021 च्या आरंभी नवापूरला पुन्हा तोच प्रसंग आला, हिमाचलमधील पोंग जलाशयावर हजारो पट्टकादंब दगावले, आणि त्याच वर्षी जुलैत या विषाणूने दिल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलाचा बळी घेतला. जगभर माणसांत नोंदलेल्या या विषाणूच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावले आहेत. म्हणून भीती अनाठायी नाही; पण ‘सगळे पक्षी हाकलून द्या’ हे तिचे उत्तरही नव्हे. मेलेल्या पक्ष्याला हात न लावणे, वन वा पशुसंवर्धन खात्यास कळविणे, हात स्वच्छ धुणे, मांस व अंडी पूर्ण शिजवून खाणे: ही चार वाक्ये प्रत्येक केंद्राच्या दारावर सारखीच लागली पाहिजेत, आणि एका तलावावर पक्षी मरू लागले तर पुढच्या तलावाला त्याच दिवशी कळले पाहिजे.

दुसरा प्रश्न उत्तरायणाचा. पाहुण्या पक्ष्यांची गजबज ऐन भरात असते तेव्हाच आपले आकाश मांज्याने भरते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, त्याच वर्षापासून गुजरात शासन जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान राबवीत आहे. तरीही दरवर्षी त्या दिवसांत स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाची कापलेली मान मला शिवून घेण्यासाठी पुढे पाठवावी लागते. पक्ष्याचा पंख आणि मुलाचा गळा एकाच दोऱ्याने कापला जातो. सकाळी व संध्याकाळी, पक्षी ये-जा करतात त्या वेळी पतंग न उडविणे आणि साधा सुती दोरा वापरणे, हा उपदेश दोघांनाही वाचवितो.

तिसरा प्रश्न गाठियाचा! तापीवरील कॉजवेच्या परिसरात हिवाळ्यात कुरव पक्षी येतात आणि आपण सुरतकर प्रेमाने त्यांना गाठिया घालतो. मीठ, सोडा आणि तळणीचे तेल यांनी युक्त असा हा आहार मी ज्या मुलांना वर्ज्य सांगतो, त्यांच्याच हातून तो पक्ष्यांच्या चोचीत जातो. आतिथ्य करावे ते पाहुण्याला पचेल असे. कुरवांसाठी नदीतले मासेच पुरेत.

आपण काय करावे

आपल्या मंडळापुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवू इच्छितो. गुजराती, मराठी आणि शास्त्रीय अशा तीनही नावांचा, वाटांच्या नकाशासह एकच तक्ता तयार व्हावा आणि तो दोन्ही राज्यांतील केंद्रांनी सारखाच लावावा. ऑक्टोबरातील दुसऱ्या शनिवारी, म्हणजे जागतिक स्थलांतरित पक्षी दिनी, या केंद्रांतील मुलांनी एकमेकांना पत्रे लिहावीत: ‘आमच्याकडे अमुक पक्षी आज आला, तुमच्याकडे कधी दिसला?’ 1987 पासून दर जानेवारीत आशियात पाणपक्षी गणना होते. तिच्यात आपली काही कुटुंबे सहभागी व्हावीत. महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील मुलांची एक सहल गवियरला आणि एक नांदूर मध्यमेश्वरला जावी. उघड्या प्रकाशातील वावराने मुलांमधील लघुदृष्टिदोषाला आळा बसतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. तेव्हा दुर्बीण हे औषधपत्रावर लिहिण्याजोगे साधन आहे, असे मी विनोदाने नव्हे तर गांभीर्याने म्हणतो.

खर्च फार नाही. तक्त्यांच्या छपाईइतका आणि दोन बसगाड्यांच्या भाड्याइतका. केंद्रे आहेत, पक्षी येतच आहेत, मुले उत्सुक आहेत. नाही ती एका मुक्कामाने दुसऱ्या मुक्कामाला लिहिण्याची सवय. ती लावून देण्याचे काम दोन प्रांतांत ज्यांची मुळे आहेत आणि दोन्ही भाषा ज्यांच्या जिभेवर आहेत अशा आपल्यासारख्यांनी केले, तर ते शोभूनही दिसेल आणि तडीसही जाईल.