पावसाच्या उतारावरची सफारी

केनिया-टांझानियाचा बेत आखणारे पहिल्यांदा विचारतात, सिंह कुठे दिसतील? मुरलेला वाटाड्या उलट विचारतो, तुम्ही येताय कोणत्या महिन्यात? महिना कळला की पाऊस कुठे पडून गेला असेल याचा अंदाज येतो. पावसावरून गवताचा माग लागतो आणि गवतावरून जनावरांचा. सिंहाचा नंबर सगळ्यांत शेवटी, कारण तोही गवत खाणाऱ्यांच्याच मागे असतो.

सेरेंगेटीत सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीला दोन लाखांवर झेब्रे वर्षभर एका प्रचंड वर्तुळात चालत असतात. डिसेंबर ते मार्च हे कळप आग्नेयेकडच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. फेब्रुवारीच्या आसपास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या वितात आणि जन्मलेलं पिल्लू काही मिनिटांत उभं राहून आईच्या मागे पळू लागतं. जुलै ते ऑक्टोबर हेच कळप उत्तरेला मारा नदीच्या काठी असतात. मगरींनी भरलेल्या पाण्यात उड्या घेणारे जे हजारो प्राणी आपण टीव्हीवर पाहतो, ते दृश्य तिथलं आणि त्याच महिन्यांतलं. ऑगस्टमध्ये आग्नेयेकडच्या न्दुतूला मुक्काम ठोकला, तर समोर मोकळं मैदान पसरलेलं असेल.

मला याहून थक्क करते ती एक वेगळी गोष्ट. हे कळप पावसाळ्यात कोरड्या भागाकडे जातात! आग्नेयेच्या मैदानात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वायव्येला त्याच्या जवळपास दुप्पट. हिंदी महासागराकडून येणारं बाष्प न्गोरोंगोरोचे डोंगर अडवतात आणि त्यांच्या पलीकडे पर्जन्यछायेत ही मैदानं पसरली आहेत. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, म्हणून आखूड गवतातही कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला हवं ते इथे मिळतं. शिवाय त्याच राखेतला चुना पाझरून जमिनीखाली एक कठीण थर बनला आहे. झाडांची मुळं तो भेदू शकत नाहीत, त्यामुळे मैदान उघडं राहतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या या थरानं एवढा मोठा गवताळ देखावा मोकळा ठेवला आहे.

आता नकाशा सातारा-सांगलीचा उघडा.

महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड आहे, आणि तिथे पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. न्गोरोंगोरोच्या आडोशाला जे घडतं, तेच इथे सह्याद्रीच्या आडोशाला घडलं आहे. एवढ्याशा अंतरात सदाहरित जंगल, उघडे सडे, पानगळीचं रान आणि काटेरी झुडपांचं माळरान एकापाठोपाठ येतात.

जमिनीखालच्या थराची गोष्टही इथे आहे, फक्त ती जमिनीच्या वर आली आहे. कासचं पठार पाहिलेल्यांना जांभा दगडाचा तो विस्तीर्ण कातळ आठवेल. वर माती काही बोटं जाड, खाली अभेद्य जांभा. झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून पावसाळ्यात तिथे फुलांना रान मोकळं मिळतं. चांदोलीतला झोळंबीचा सडाही याच जातीचा.

आणि स्थलांतर? तेही आहे. माणदेशातले मेंढपाळ धनगर पावसाळा कोरड्या माळावर काढतात आणि दिवाळीनंतर वाडे हलवून, घोड्यांवर संसार लादून, मेंढरांसह घाट उतरून कोकणात जातात. पावसाची चाहूल लागली की परत माळाकडे. ओल असताना कोरड्या बाजूला, कोरड पडल्यावर ओल्या बाजूला. विल्डबीस्टच्या चालीचा नियम हाच. कारणं मात्र निराळी आहेत. मेंढराला कोकणातला चिखल आणि सततची भिज सोसत नाही. पूर्वेला पावसाळ्यात चारा असतो, तर कोकणात भात निघाल्यावर मोकळी शेतं असतात. त्या शेतात रात्री मेंढरं बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. दोन खंडांत, दोन वेगळ्या जिवांनी पावसाच्या उताराला दिलेलं उत्तर एकच निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेव्हा चार-पाच दिवसांची सफारी याच उतारावर आखायची. सुरुवात पश्चिमेला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. २०१० मध्ये जाहीर झालेला हा प्रकल्प कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून बनला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत त्याचं सुमारे ११६५ चौरस किलोमीटर क्षेत्र पसरलं आहे. चांदोली आणि कोयना २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहेत. इथे निदान दोन रात्री द्याव्यात. पहाट आणि संध्याकाळ या दोनच वेळा जनावर उघड्यावर येतं, आणि एका मुक्कामात त्या एकेकदाच मिळतात.

इथे आफ्रिकेसारखे कळप दिसणार नाहीत, हे आधीच मनात घ्यावं. सदाहरित जंगलात हिरवाई अमाप असते, पण ती वीस-पंचवीस मीटर उंच शेंड्यांवर. त्या मजल्यावर शेकरू उड्या मारतं, धनेश फळं तोडतो. खाली सावलीत गवत उगवत नाही आणि पुष्कळशी पानं कडू, चिवट, पचायला जड. जमिनीवर चालणाऱ्यांच्या वाट्याला थोडंच येतं. म्हणून भेकर एकटं फिरतं आणि सशाएवढं पिसोरी हरीण पालापाचोळ्यात लपून जगतं.

गवा मात्र इथे धष्टपुष्ट दिसतो, आणि त्याचं कारण माणसांच्या दुःखात आहे. कोयना आणि वारणेवरची धरणं आणि नंतर जंगलाचं संरक्षण, यांसाठी इथली गावं उठली. कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची भातखाचरं सोडली. त्या खाचरांवर आता गवत आहे आणि पहाटे त्या गवतात गवे चरतात. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोपर्यंत भरतं. तो पाहताना बांधाचे दगड, देवळाचा चौथरा, गावठाणातला आंबा हेही पाहावं. ती कुरणं कुणाच्या तरी शेतांची आहेत.

दुसऱ्या टप्प्याला सागरेश्वर. कडेगाव, वाळवा आणि पलूस या तालुक्यांच्या सीमेवरच्या बोडक्या डोंगरांवर झाडं लावून, जपून उभं केलेलं हे रान. त्यामागे धों. म. मोहिते यांच्या आयुष्यभराच्या खटपटी होत्या. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण चितळं आणि सांबरं इतकी वाढली की काही चितळं चांदोलीत नेण्याचं ठरलं. त्यासाठी वापरलेली बोमा पद्धत आफ्रिकेतून आली आहे. गवतात नरसाळ्याच्या आकाराचं कुंपण घालतात आणि त्याला अपारदर्शक कापड लावतात. रुंद तोंडाशी चारा ठेवतात. काही दिवसांत कळपाची भीड चेपते, मग त्याला हळूहळू निमुळत्या टोकाकडे सरकवतात. टोकाला वाहन लावलेलं असतं. कापडापलीकडचं काही दिसत नसल्यामुळे हरीण त्यावर धडका देत नाही. इंजेक्शन नको, हाताळणी नको. घाबरूनच जीव सोडणाऱ्या जनावरासाठी याहून दयाळू युक्ती मला माहीत नाही.

ही चितळं चांदोलीत हवीत ती वाघासाठी. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण आणली गेली. खाचरातलं गवत, त्यावर चितळ, त्यामागे वाघ असा तो हिशेब आहे. पर्यटकाला तो वाघ दिसण्याची शक्यता फार थोडी. पण ओल्या मातीत पंजा उमटलेला सापडला, तर दिवस सार्थकी लागला असं मी समजेन.

शेवटचे दिवस पूर्वेला. हिवाळ्यात मायणीच्या तलावावर रोहित उतरतात. त्यापुढे आटपाडीकडे निघालं की डोळ्यांना पुन्हा दूरवरचं दिसू लागतं. लांडगा, खोकड, तरस ही या माळाची मंडळी. आटपाडीचं छोटंसं संवर्धन राखीव क्षेत्र २०२३ मध्ये जाहीर झालं. कागदोपत्री या जमिनीला आपण पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हणत आलो, आणि त्यात तिचं फार नुकसान झालं. सेरेंगेटीच्या मैदानाला कुणी पडीक म्हणत नाही. लांडगा कुठे दिसेल हे धनगराला विचारावं. त्याच्या मेंढरांवर लांडग्याची नजर असते, म्हणून त्याची लांडग्यावर. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, इंदापूरच्या कडबनवाडीला, वनखात्याची गवताळ सफारीही आहे.

आता सुट्ट्यांचं गणित. दिवाळीच्या सुट्टीत सेरेंगेटीचे कळप दक्षिणेच्या वाटेवर असतात आणि ते नेमके कुठे असतील हे त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. आपल्याकडे तेव्हा पावसाळी बंदीनंतर चांदोली उघडलेली असते आणि धनगरांचे वाडे निघण्याच्या तयारीत. मे महिन्यात पूर्व आफ्रिकेत दीर्घ पावसाचा हंगाम रेंगाळत असतो, वाटा चिखलाच्या होतात. फेब्रुवारी किंवा ऑगस्टमध्ये रजा मिळत असेल, तर आफ्रिकेला जरूर जावं. केनियाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण परत येताना आपल्याच विमानतळावर तिचा दाखला मागतात. मे महिनाच हाताशी असेल, तर चांदोलीत पाणवठे आटून मोजकेच उरलेले असतात आणि जनावर पाण्यावर येतंच. बुद्धपौर्णिमेला वनखातं राज्यातल्या अनेक जंगलांत पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढू देतं. त्यासाठी नाव आधी नोंदवावं लागतं, म्हणून चौकशी एप्रिलमध्येच सुरू करावी.