तीच वीस मिनिटे, तीन वेळा

टॉम टिकवर या दिग्दर्शकाचा 'लोला रेन्ट', म्हणजे 'लोला धावते', हा चित्रपट ऑगस्ट १९९८मध्ये जर्मनीत प्रदर्शित झाला आणि 'रन लोला रन' या इंग्रजी नावाने जगभर पोहोचला. त्याची लांबी जेमतेम ८० मिनिटे आहे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या लोलाच्या प्रियकराने, मानीने, एका गुंडाचे १,००,००० मार्क हरवले आहेत. गुंड बारा वाजता पैसे घ्यायला येणार आणि घड्याळात अकरा चाळीस झालेले. लोलाची मोपेड चोरीला गेली आहे, म्हणून ती धावत सुटते. वीस मिनिटांत पैसे उभे करायचे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मानीपर्यंत पोहोचायचे. ती पोहोचते, पण शेवट मरणात होतो. मग चित्रपट पुन्हा त्याच क्षणावर येतो आणि तीच धाव नव्याने सुरू होते. तीन धावा, तीन शेवट.

याच कथेवरून आकाश भाटिया यांनी 'लूप लपेटा' हा हिंदी चित्रपट केला. ४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. त्याची भूमी गोव्याची आहे आणि नायिकेचे नाव सविना बोरकर. बर्लिनची लोला अशी मराठी-कोकणी मुलखात येऊन पोहोचली.

'लोला'ची ख्याती वेगाची आहे, पण तो वेग पायांतून आलेला नाही. पडद्यावर माणूस नुसता धावत राहिला तर प्रेक्षक दोन मिनिटांत कंटाळतो. टिकवर यांनी आधी प्रेक्षकाच्या हातात सगळा हिशेब ठेवला: किती पैसे, किती वेळ, कुठून कुठे. हे काम सुरुवातीच्या एका फोनसंभाषणात उरकते. मानी सार्वजनिक फोनवरून रडवेल्या आवाजात सांगत असतो आणि त्याचे बोलणे कृष्णधवल तुकड्यांतून दिसत जाते. मोपेड गेल्याने लोला त्याला घ्यायला वेळेवर येऊ शकली नाही. भुयारी रेल्वेत तिकीट तपासनीस दिसताच मानी सवयीने उतरला आणि पैशांची पिशवी डब्यातच राहिली. ती एका भणंग माणसाने उचलली. फोन ठेवताना लोला रिसीव्हर वर भिरकावते. तो संथ गतीने हवेत गिरक्या घेत अचूक जागेवर येऊन पडतो. पैसे कोणाकडे मागावेत, या विचारात ओळखीचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून झरझर सरकतात आणि वडिलांवर येऊन थांबतात. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. इथून पुढे काहीही समजावून सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच पुढचा चित्रपट सुसाट जाऊ शकतो.

लोला खोलीबाहेर पडते तेव्हा कॅमेरा तिच्या आईभोवती फिरत टीव्हीच्या पडद्यात शिरतो. तिथे कार्टूनमधली लोला जिना उतरत असते. जिन्यावर एक मुलगा आणि त्याचा कुत्रा आहे. पहिल्या धावेत ती कुत्र्याला बिचकते आणि पुढे जाते. दुसऱ्या धावेत मुलगा पाय आडवा घालतो, ती गडगडत खाली येते आणि लंगडत पळते. तिसऱ्या वेळी ती कुत्र्यावरून उडी मारते. साऱ्या चित्रपटाचे गणित या जिन्यावर आहे. इथे पडलेला दोनचार सेकंदांचा फरक रस्त्यावर वाढत जातो. लोला वडिलांच्या खोलीत शिरते तेव्हा त्यांचे कोणते वाक्य चालू असेल, गाडी गल्लीतून बाहेर येताना कोण आडवे येईल, रस्ता ओलांडणारी मोठी काच फुटेल की वाचेल, हे सारे त्या सेकंदांवर ठरते. एवढी गंभीर गोष्ट कार्टूनमध्ये दाखवण्याचे धाडस टिकवर यांनी केले. त्यात एक मोठी सोयही आहे. कार्टूनमध्ये माणूस पडून पुन्हा उठला तर कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे 'गोष्ट पुन्हा सुरू झाली' हे प्रेक्षकाचे मन सहज स्वीकारते.

चित्रपट एकाच प्रकारच्या चित्रफितीवर घेतलेला नाही. लोला किंवा मानी ज्या दृश्यात आहेत ते ३५ मिलिमीटर फिल्मवर आहे: धारदार, रंग भरून आलेले. ते दोघे जिथे नाहीत, म्हणजे वडील आणि त्यांची प्रेयसी बँकेतल्या खोलीत बोलत असतात, ती दृश्ये व्हिडिओवर चित्रित झाली. तिथे रंग फिके आणि कडा भुरकट दिसतात. टिकवर यांचा विचार असा की या कथेत खरे जग फक्त या दोन जिवांचे, बाकीचे जग अस्पष्ट. सामान्य प्रेक्षकाला हे तंत्र कळत नाही, पण लोला दार उघडून आत येताच चित्र एकदम जिवंत झालेले त्याला जाणवते. छायाचित्रणकार फ्रांक ग्रीबे यांचे हे काम कितीही वेळा पाहिले तरी पुरे होत नाही.

रस्त्यात लोलाचा धक्का लागलेल्या किंवा तिच्या जवळून गेलेल्या माणसांसाठी टिकवर यांनी वेगळीच युक्ती योजली आहे. 'आणि मग' एवढे शब्द पडद्यावर येतात आणि काही स्थिर छायाचित्रे कॅमेऱ्याच्या खटक्यासारखी पटापट पडतात. तेवढ्यात त्या माणसाचे पुढचे आयुष्य सांगून होते. बाबागाडी ढकलणारी एक बाई आहे. पहिल्या धावेनंतर तिचे मूल तिच्यापासून काढून घेतले जाते आणि ती दुसऱ्याचे मूल पळवते. दुसऱ्या धावेनंतर तिला लॉटरी लागते. तिसऱ्या धावेनंतर ती देवाधर्माला लागते. कादंबरीला ज्यासाठी प्रकरण लागेल ते इथे काही सेकंदांत उरकते. लोलाला यातले काहीच ठाऊक नसते, ती केव्हाच पुढे गेलेली असते.

बाराच्या ठोक्याला मानी समोरच्या सुपरमार्केटवर दरोडा घालायला निघतो तेव्हा पडदा विभागला जातो: एका भागात मानी, दुसऱ्यात धावणारी लोला आणि खाली सरकता काटा. एरवी चित्रपटात 'इकडे हे, तिकडे ते' असे आलटून पालटून दाखवतात आणि वेळ दिग्दर्शकाच्या हाती राहतो. तो हवी तेवढी सेकंदे लांबवू शकतो. पडदा विभागला की ती लबाडी करता येत नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात आणि लोला उशिरा येते आहे, हे तिच्या आधी प्रेक्षकाला दिसते.

संकलन मातिल्द बोनफोआ यांचे आहे. संगीत स्वतः टिकवर, जॉनी क्लिमेक आणि राइनहोल्ड हाइल यांनी मिळून केले. भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये टेक्नो संगीताची लाट होती. रिकाम्या पडलेल्या इमारतींतून रात्ररात्र ते वाजत असे. तोच अखंड ठोका टिकवर यांनी लोलाच्या पावलांखाली घातला. लोलाची भूमिका करणाऱ्या फ्रांका पोटेंटे हिचा आवाजही त्या गाण्यांत मिसळलेला आहे, त्यामुळे धावणारीच्या मनातले पुटपुटणे ऐकू आल्यासारखे वाटते. ठोक्याबरोबर दृश्य तुटते, पण प्रत्येक ठोक्याला नव्हे. तसे झाले असते तर डोळे थकले असते. मधूनच लोला बाजूने, लांबून, एका सलग दृश्यात धावताना दिसते आणि श्वास घ्यायला जागा मिळते.

सर्वांत मोठी विश्रांती दोन धावांच्या मध्ये आहे. पहिल्या धावेच्या शेवटी एका बावरलेल्या पोलिसाची गोळी लोलाला लागते. दुसऱ्या धावेच्या शेवटी रुग्णवाहिका मानीला उडवते. प्रत्येक मरणानंतर पडदा लाल होतो. दोघे बिछान्यावर पडून हलक्या आवाजात बोलत असतात. पहिल्या वेळी ती विचारते, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? दुसऱ्या वेळी तो विचारतो, मी मेलो तर तू काय करशील? इथे संगीत नाही, कॅमेरा जवळजवळ हलत नाही. वेगवान चित्रपट म्हणून 'लोला'ची नक्कल करणाऱ्यांनी हे दोन प्रसंग नीट पाहिले नाहीत असे वाटते. लोला कोणासाठी धावते हे इथे कळले नसते तर त्या धावेला व्यायामापलीकडे किंमत राहिली नसती.

व्हिडिओ गेमशी या चित्रपटाची तुलना पुष्कळदा झाली आहे. एक जीव गेला की दुसरा, तोही गेला की तिसरा. तुलना चुकीची नाही, पण अपुरी आहे. गेममध्ये बटण दाबणारा शिकतो, पडद्यावरची बाहुली शिकत नाही. इथे लोला शिकते. पहिल्या धावेत पिस्तुलाची कळ कशी सोडायची हे मानीला तिला सांगावे लागते. दुसऱ्या धावेत बँकेच्या रखवालदाराचे पिस्तूल हाती येताच ती स्वतः कळ सोडते. टिकवर याचा कुठेही खुलासा करत नाहीत. पर्यायी शेवटांची कल्पना मात्र त्यांची पहिली नव्हे. पोलिश दिग्दर्शक किश्लोव्हस्की यांच्या 'ब्लाइंड चान्स'मध्ये एक तरुण गाडी पकडतो की चुकवतो, यावर त्याची तीन आयुष्ये उभी राहतात. किश्लोव्हस्कींची मांडणी संथ आणि राजकीय आहे. टिकवर यांनी तीच गोष्ट रस्त्यावर आणली.

तिसऱ्या धावेत लोला कॅसिनोत शिरते, १०० मार्क २० या आकड्यावर लावते, जिंकते, आणि सगळे पुन्हा त्याच आकड्यावर लावते. रुलेटमध्ये एका आकड्यावर ३५ पट मिळतात, म्हणजे दोन डावांत लाखाच्या वर. चेंडू फिरत असताना ती अशी किंचाळते की काचा फुटतात. भिंतीवर एका बाईचे पाठमोरे चित्र आहे, केसांचा अंबाडा चक्रासारखा वळलेला. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ची ती आठवण आहे. मानीच्या फोनजवळच्या बारच्या पाटीवरही चक्र आहे, आणि खुद्द कथाही चक्राच्याच आकाराची. लोलाचे लालभडक केस हे या सगळ्यातले सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी साधन ठरले. गर्दी कितीही असो, डोळा तिला शोधत बसत नाही.

लोलाचा मार्ग बर्लिनच्या नकाशावर ठेवून पाहिला तर जुळत नाही. एका वळणावर ती शहराच्या एका भागात असते, पुढच्या वळणावर भलतीकडे. ज्या ओबरबाउम पुलावरच्या कमानींतून ती पळते तो भिंत असताना पूर्व आणि पश्चिम बर्लिनची हद्द होता. १९८९मध्ये भिंत पडली. त्यानंतर नऊ वर्षांनी एक मुलगी दोन्ही बाजू एका दमात जोडत धावते. जर्मन प्रेक्षकाला यात वेगाखेरीज आणखी काही दिसले असणार.

जर्मन दृश्यशैली आणि मराठी चित्रपट यांची ओळख जुनी आहे. प्रभातचा 'सैरंध्री' (१९३३) रंगीत करण्यासाठी व्ही. शांताराम तो जर्मनीला घेऊन गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण पुढच्याच वर्षी पुण्यात झालेल्या 'अमृतमंथन'मध्ये दाट सावल्या, तिरपा प्रकाश आणि राजगुरूच्या एकाच डोळ्याने व्यापलेला पडदा दिसला. जर्मन मूकपटांची छाया त्यावर स्पष्ट आहे. मुंबईत मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तर दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रणकार योझेफ विर्शिंग हे जर्मनच होते. तेव्हा प्रकाश आणि सावली आली, आता कालाची मांडणी आली.

'लूप लपेटा'ने ती मांडणी घेतली आणि तिला देशी मुळे दिली. तापसी पन्नूची सावी ही गुडघ्याच्या दुखापतीने मैदान सुटलेली धावपटू आहे, तर ताहिर राज भसीनचा सत्या जुगारात बुडालेला. सावी आणि सत्या ही नावे सावित्री आणि सत्यवानाची आहेत. नवऱ्याचा प्राण परत मिळावा म्हणून यमाच्या मागे चालत राहणारी, एकामागून एक वर मिळवणारी सावित्री मराठी घरांना ज्येष्ठ पौर्णिमेच्या वडामुळे ठाऊक आहे. मरण मान्य न करता पुन्हा मागणे मागणारी बाई, हा लोलाचा गाभा भारतीय कथेत आधीपासून होता. तो ओळखणे ही या रूपांतराची खरी कमाई आहे.

वेगाच्या बाबतीत मात्र हिंदी चित्रपट मागे राहतो. तो १३१ मिनिटांचा आहे. सराफाचे दोन मुलगे बापालाच लुटायचा बेत करतात, टॅक्सीवाला जेकब आपल्या प्रेयसीचे लग्न थांबवू पाहतो, अशी उपकथानके त्यात फुलवली आहेत. ती करमणूक करतात, पण जर्मन चित्रपटात जे चार छायाचित्रांत सांगून होते त्याला इथे पाच-दहा मिनिटे लागतात. भडक रंग आणि गरगरणारा कॅमेरा इथेही आहे, तरी घड्याळाची भीती वाटत नाही.

दोन्ही चित्रपट पाहायचे असतील तर जर्मन चित्रपट आधी पाहावा, मूळ आवाजात, आणि पहिल्यापासून त्या जिन्यावरच्या कुत्र्याकडे लक्ष ठेवावे.