एक बांध आणि सांगायच्या तऱ्हा

दोन भाऊ, शेजारी शेजारी शेतं, मधे बांध. दर नांगरटीला थोरला बांध कोरतो असा धाकट्याचा संशय. हा ऐवज महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात फुकट मिळतो. त्याची कथा करायची, नाटक करायचं की नुसतं हसवायचं, हे ठरवताना लोक सहसा लांबीचा विचार करतात: कथा आटोपशीर, नाटक मोठं, स्किट छोटं. मला वाटतं, खरा फरक लांबीत नाही. ऐकणाऱ्याला कुठे बसवलंय, त्यात आहे.

कथाकार त्याला थेट धाकट्याच्या डोक्यात बसवतो. बापाच्या तेराव्यापासून आजच्या पेरणीपर्यंतची वीस वर्षं तो एका वाक्यात ओलांडतो आणि मग रात्री कंदील घेऊन पावलांनी बांध मोजणाऱ्या धाकट्यापाशी दोन पानं रेंगाळतो. पण हीच कथा व्यासपीठावरून सांगायची झाली की तिचा तोल बदलतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत, तेव्हा समोरच्या श्रोत्याला मागचं पान उलटून पाहायची सोय नव्हती. अशा वेळी वर्णन गळतं, संवाद फुगतो, कथा अर्धी नाटकात येते.

नाटकात ‘त्याला वाटलं’ म्हणायला कुणी नसतं. जे वाटतं ते कुणापुढे तरी बोलावं लागतं किंवा लपवावं लागतं, आणि त्यासाठी आजचाच दिवस का, याचं उत्तर द्यावं लागतं. आपल्या गोष्टीत ते सोपं आहे: आज मोजणी आहे. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची पोरं एकांकिका बसवतात. त्यांच्या तालमींत ‘आजच का?’ एवढ्या एका प्रश्नावर कितीतरी संहिता कोसळत असणार.

आता मधली एक जागा, माझ्या विशेष आवडीची. पुण्यातले एक शाळामास्तर, शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर. ब्राउनिंगची नाट्यात्म स्वगतं वाचून त्यांनी १९११ मध्ये मराठीत नाट्यछटा आणली. पुढे अशा एक्कावन्न लिहिल्या. पात्र एकच बोलतं. समोर माणसं असतात, पण त्यांचे शब्द कागदावर येत नाहीत. आपल्या थोरल्या भावाला असं बोलतं केलं तर?

‘या सायेब, या, सावलीला बसा... छे, पाणी कसलं, दूध तापत ठिवलंय!... साखळी न्हाई आणली?... मशीन! आभाळातनं मोजतंय म्हणं त्ये?... बरं, बरं... धाकटा? येईल की. मन साफ हाय पोराचं, जरा कानाचा हलका... बांध व्हय? आमच्या आज्याच्या हातचा!... कंचा दगड?... आता गं! त्यो तिकडं कुणी नेला?... गुरं हो सायेब, गुरं अंग घासत्यात... गण्या, सायेबांच्या पिशवीत शेंगा भर. भर म्हन्तो ना!’

मोजणीदार एक अक्षर बोलत नाही, तरी त्याचे सगळे प्रश्न ऐकू येतात. धाकटा तर तिथे नाहीच. थोरला चोर आहे असं कुणी सांगत नाही. मशीन आभाळातनं मोजतं म्हटल्यावर जो ‘बरं, बरं’ येतो, त्यात काम होऊन जातं. वाचणाऱ्याला इथे मोजणीदाराच्या खुर्चीत बसवलंय, आणि निवाडाही त्याच्यावरच सोडलाय.

स्किटमध्ये थोरल्याला इतकं खोल असून चालणार नाही. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ पाहताना एक लक्षात येतं: पात्राची एकच खोड असते आणि ती शेवटपर्यंत सुटत नाही. समजा, अडचणीचा प्रश्न आला की थोरला खायला घालतो. पहिल्या प्रश्नाला चहा, दुसऱ्याला भजी, तिसऱ्याला ताट. चौथ्याला मोजणीदारच घाबरून प्रश्न गिळतो. थोरल्याला पश्चात्ताप झाला की स्किट मेलं. ही युक्ती टीव्हीनं शोधलेली नाही. तमाशात वगाच्या आधी बतावणी असते. तिथला सोंगाड्या ऐकलेल्या प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ धरून बसतो आणि समोरच्याला रडकुंडीला आणतो. वसंत सबनीसांचा ‘छपरी पलंगाचा वग’ दादा कोंडके यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ म्हणून रंगभूमीवर गाजवला, तोही याच हजरजबाबीपणाच्या जोरावर. समोरची गर्दी हसते कुठे, हे पाहत वाक्य लांबवायचं की तोडायचं, हे त्या क्षणी ठरतं. स्किटच्या प्रेक्षकाला कुणाच्या डोक्यात बसायचं नसतं. शेजाऱ्याच्या खांद्यावर थाप मारता येईल असं त्याला बसवायचं असतं.

नाट्यछटा आज मुख्यतः शाळांच्या स्पर्धांत उरलीय, आणि तिथे तिची एक वाईट सवय झालीय. मुलं न दिसणाऱ्या माणसाचं वाक्य स्वतःच म्हणून घेतात: ‘काय म्हणालात? दगड तिकडे कसा गेला?’ श्रोत्याला कळणार नाही या भीतीनं बाई-सर तसं बसवून देतात. दिवाकर तिथे टिंबं देत. त्या टिंबांएवढा वेळ मुलानं गप्प उभं राहायचं, समोरच्याचं ऐकतोय असं, आणि मग उत्तर द्यायचं. तालीम खरं तर तेवढ्याचीच घ्यायला हवी.