कावडीची लय आणि उजव्या विचारांची ओढ

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची पोरं गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि अनवाणी चालत राजराजेश्वराच्या देवळात आणतात. खांद्यावर कावड, तिला पाण्याचे भरणे. एकाचं पाऊल चुकलं तरी सगळी कावड हेलकावते, म्हणून पन्नास पाय एका तालात पडतात. ही यात्रा भक्तीची आहे, पक्षाची नाही. तरीही उजव्या राजकारणाची ओढ समजून घ्यायची तर ही चाल नीट पाहायला हवी.

उजवा माणूस मुळात घाबरट, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. 2008 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात 46 जणांना दचकवणारी चित्रं दाखवून त्यांच्या त्वचेवरचा घाम मोजला होता. ज्यांना जास्त घाम फुटला, ते कडक शिक्षा आणि संरक्षणखर्चाच्या बाजूचे निघाले. 2020 मध्ये कितीतरी अधिक लोकांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा तो संबंध सापडलाच नाही. मला यात नवल वाटत नाही. रोज संध्याकाळी संघाच्या शाखेच्या मैदानावर जाणारा मुलगा भीतीपोटी जात नाही. तिथे त्याला नावानं हाक मारणारं कुणीतरी असतं.

मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट सांगतात की करुणा आणि न्याय दोन्हीकडच्यांना कळतात. उजव्यांना त्यासोबत निष्ठा, वडीलधाऱ्यांचा मान आणि पावित्र्यही तितकंच मोलाचं वाटतं. अशा भावना शरीरातूनही घडतात. 2009 च्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात पावलाला पाऊल जुळवून चाललेले विद्यार्थी नंतरच्या खेळात एकमेकांवर जास्त विसंबले.

पण ‘आपले’ कोण, हे ताल ठरवत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत धार्मिक तणावात आधी एका बाजूचा मोर्चा, मग दुसऱ्या बाजूचा बंद. दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. दोन्हीकडे एकदिलानं दिलेल्या घोषणाच होत्या. त्याच जिल्ह्यात मोझरीला तुकडोजी महाराजांनी ओळीत बसवून एका सुरात सामुदायिक प्रार्थना म्हणायला लावली, ती सर्व धर्मांच्या माणसांना सोबत धरून.

‘आपले’चं वर्तुळ रुंदावणारी कावडही असते. मॉरिशसमध्ये तमिळ हिंदू थैपूसमच्या सणाला अंगात सुया टोचून कावडी वाहतात. 2013 च्या अभ्यासात, ज्यांनी जास्त वेदना सोसल्या त्यांनी दानही जास्त केलं. हा विधी सोसणारे आणि जवळून पाहणारे स्वतःला हिंदूपेक्षा मॉरिशसवासी म्हणवून घेण्याकडे अधिक झुकले होते.