रक्तातले लोह आणि मनगटातले कडे

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी साठीच्या घरातले एक काका दवाखान्यात आले. रक्तदाब १८०/११०. "गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले. त्यांनी बाही वर सारून मनगटातले चुंबकाचे कडे दाखवले. "जत्रेत घेतलं, डॉक्टरसाहेब. रक्तात लोह असतं ना, चुंबक ते ओढतो आणि रक्त खेळतं राहतं. दोन महिने झाले गोळ्या बंद करून."

रक्तात लोह असते हे खरे. मोठ्या माणसाच्या शरीरात ते जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. त्यातले बहुतेक तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये. पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. खिळ्यात लोखंडाचे असंख्य अणू खेटून बसलेले असतात आणि प्रत्येक अणू हा जणू चिमुकला चुंबकच. बाहेरून चुंबक जवळ आला की ते सारे एका दिशेला तोंड करतात आणि खिळा खटकन चिकटतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे अणू अवघे ४, तेही एकमेकांपासून दूर. त्यांची अशी फळी होतच नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ साली दाखवून दिले, की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाण्याऐवजी किंचित दूरच सरते!

एमआरआयच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र बहुधा १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. त्यात अर्धा तास झोपून माणसे उठतात, चालत घरी जातात. कड्याचा जोर तर बोटभर अंतरावरच ओसरतो.

मात्र चुंबक अगदीच निरुपद्रवी समजू नका. पेसमेकर बसवलेल्यांनी तो छातीपासून किमान वीतभर लांब ठेवावा. खेळण्यातले छोटे, जोरदार चुंबक मुलाने एकाहून जास्त गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना धरतात, मधली भिंत चिमटून तिला भोक पडते. सुरुवातीला मूल हसतखेळत असते, तरी वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परवा रक्तदाब १४८/९० भरला. कडे अजून हातात आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.