डोंगरवाटेवरची खुरपी

मांजर शौचाला बसण्यापूर्वी पंजाने माती उकरते आणि उठल्यावर तो खळगा झाकून टाकते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. जो प्रवासी दोन-तीन दिवस डोंगरदऱ्यांतून हिंडतो, त्यालाही हाच धडा गिरवावा लागतो. म्हणून त्याच्या पाठीवरच्या पिशवीत अंथरूण, शिधा, विजेरी यांच्या जोडीला एक चिमुकली खुरपीही असते. इंग्रजीत तिला ट्रॉवेल म्हणतात. शेतातील तण काढण्याच्या वाकड्या खुरप्याहून ती निराळी. बागेत कुंडीची माती हलविण्यासाठी जी खुरपी वापरतात, तिच्यासारखीच ही सरळ, वीतभर लांब आणि पन्हळीसारखी खोलगट असते. तिचे काम एकच, शौचासाठी खड्डा खणणे. हा विषय चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो, आणि त्यामुळेच तो सहसा कोणी शिकवीत नाही. परंतु डोंगराखालच्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

सह्याद्री हा काळ्या कातळाचा डोंगर. हरिश्चंद्रगड, राजगड यांसारख्या किल्ल्यांवर हा कातळ खोदून पाण्याची टाकी केलेली आहेत. पावसाळ्यात साठलेले पाणी त्यांत पुढे कित्येक महिने टिकते. गडावर येणारे लोक तेच पितात. डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही भाग खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या व विहिरींच्या रूपाने बाहेर येतो. वर उघड्यावर पडलेला मळ सरींबरोबर या पाण्यात मिसळला, म्हणजे पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांसारखे रोग पसरू शकतात. ज्याने ती घाण केली, तो एव्हाना शहरात आपल्या घरी पोहोचलेला असतो. दुखणे वाट्याला येते ते विहिरीवर हंडा भरणाऱ्यांच्या.

मळ मातीत पुरला म्हणजे काय होते? माती निर्जीव दिसते खरी, पण मूठभर सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदत असतात. ते मळाचे हळूहळू विघटन करतात व त्याचे खत बनते. मात्र हे जीव मुख्यतः मातीच्या वरच्या थरात असतात. १९३५ साली ‘हरिजन’ पत्रात गांधीजींनी हीच गोष्ट खेड्यांतील लोकांना समजावून दिली होती. इंग्लंडमधील डॉ. पूअर यांच्या ग्रामीण आरोग्यावरील पुस्तकाचा आधार घेऊन, मळ नऊ ते बारा इंचांहून अधिक खोल पुरू नये, असे त्यांनी लिहिले. डोंगरात फिरणारे लोक आज याहूनही थोडा उथळ, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा पुरेसा मानतात. फार उथळ खणले तर कुत्री किंवा रानडुकरे तो उकरतात. फार खोल खणले तर मळ वर्षानुवर्षे तसाच राहतो.

तरीही नुसते पुरल्याने सारे भागत नाही. मळातील काही रोगजंतू मातीतही कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून खणण्यापेक्षा जागा निवडणे हेच अधिक कौशल्याचे काम आहे. झरा, ओढा किंवा टाके यांपासून निदान ६० मीटर दूर जावे. मोठ्या माणसाची ती सुमारे ऐंशी पावले, मुलांची शंभर. पायवाट आणि मुक्कामाची जागा यांपासूनही तेवढेच अंतर ठेवावे. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ ही पावसाळ्यातील ओढ्याची वाट असते, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. तेथे कधीही खणू नये. झाडाखालची काळसर, भुसभुशीत, पालापाचोळ्याची माती सर्वांत उत्तम. किल्ल्यावरील वाड्यांची जोती, तटाचा पायथा येथे तर खुरपी लावूच नये. पुष्कळ किल्ले कायद्याने संरक्षित आहेत, आणि तेथील मातीखाली जुने अवशेष असतात.

जागा ठरली की वरचे गवत मुळांसकट चौकोनी कापून अलगद बाजूला ठेवावे. मग पाते उभे रोवून चार बोटे ते वीतभर रुंदीचा खड्डा करावा. काही खुरप्यांच्या पात्यावर सेंटिमीटरच्या खुणा असतात, त्यांवरून खोली मोजता येते. जमीन कठीण लागली तर एक युक्ती आहे. खुरपी उलटी धरून तिची अरुंद मूठच जमिनीत रोवावी. टोक निमुळते असल्याने ती सहज शिरते. पात्याची कड पातळ असते व तळहातात रुतते, म्हणून हातात रुमालाची घडी घ्यावी. शौचानंतर खड्डा काढलेल्या मातीनेच भरावा आणि गवताचा तुकडा पुन्हा जागच्या जागी बसवावा. माती ढकलताना खुरपीचा मळाला स्पर्श होऊ देऊ नये. कागद वापरला असल्यास तो पिशवीत बंद करून परत न्यावा. हात साबणाने धुवावेत, पण तेही पाण्यापासून दूर.

ही खुरपी इतकी हलकी कशी, याचे उत्तर धातूत आहे. लोखंड पाण्याच्या सुमारे आठपट जड, टायटेनियम साडेचारपट, तर ॲल्युमिनियम अवघे पावणेतीनपट. ॲल्युमिनियमच्या काही खुरप्या १७ ग्रॅमच्या आसपास भरतात. दहा रुपयांच्या दोन नाण्यांहून किंचित जास्त! हलकेपणाची किंमत मात्र द्यावी लागते. अशा पात्याने दगड उचकटू लागले की ते वाकते, आणि वाकवून सरळ केलेला धातू पुन्हा त्याच जागी मोडतो. दगड लागला तर तो बोटांनी मोकळा करावा, किंवा सरळ दुसरी जागा पाहावी. खुरपीवर दगडाने ठोकणे तर अगदी वर्ज्य. वापरानंतर माती पुसून ती वाळवावी आणि शिध्यापासून निराळ्या, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावी. कडेला बोचरी कंगोरी आली तर बारीक कानसीने घासावी. गवतात ती चटकन हरवते, यासाठी मुठीला लाल दोरा बांधून ठेवतात.

काही ठिकाणी तिचा इलाज चालत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की वीतभर खणणे बहुतेक जागी अशक्यच. गर्दीच्या गडावर शेकडो माणसे एकाच उतारावर खणू लागली तर माती तरी किती पुरणार? तेथे चढण्यापूर्वी पायथ्याच्या गावातील शौचालय वापरणे हेच शहाणपणाचे. हिमालयाच्या उंच भागात तर माती गोठलेली असते, आणि पुरलेला मळ थंडीमुळे कुजतच नाही. म्हणून २०२४ साली नेपाळातील एव्हरेस्टच्या परिसरातील ग्रामपालिकेने असा नियम केला की, गिर्यारोहकांनी आपला मळ खास पिशव्यांत भरून तळछावणीपर्यंत परत आणावा.